महाराष्ट्रातील खासगी शाळांचे शासकीय अनुदान

महाराष्ट्रातील खासगी शाळांचे शासकीय अनुदान म्हणजे खासगी संस्थांनी चालवलेल्या शाळांना राज्य शासनाच्या तिजोरीतून प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्षपणे मिळणारे अर्थसाहाय्य. शिक्षक व शिक्षकेतर कर्मचाऱ्यांच्या वेतनाचे अनुदान, पूर्वीच्या 'कायम विनाअनुदानित' शाळांना मिळणारे टप्पा अनुदान आणि शिक्षण हक्क कायद्याखालील २५ टक्के प्रवेशांची शुल्कप्रतिपूर्ती ही त्याची तीन प्रमुख रूपे आहेत. सवलतीच्या दरात दिलेले भूखंड आणि करसवलती यांचाही त्यात अप्रत्यक्ष मदत म्हणून विचार केला जातो. हे साहाय्य कोणाला, किती आणि कोणत्या अटींवर द्यावे, हा राज्याच्या राजकारणातील जुना वाद आहे. एकोणिसाव्या शतकात शासकीय पैसा कोणत्या वर्गाच्या शिक्षणावर खर्च व्हावा, असा त्याचा सूर होता. एकविसाव्या शतकात बिनपगारी शिक्षकांची आंदोलने आणि गरीब मुलांचे खासगी शाळांतील प्रवेश हे प्रश्न त्याच्या केंद्रस्थानी आले.

संज्ञा आणि शाळांचे प्रकार

बोलण्यात 'खासगी शाळा' असा सरसकट उल्लेख होत असला तरी अनुदानाच्या दृष्टीने महाराष्ट्रात तिचे वेगवेगळे प्रकार आहेत.

अनुदानित शाळा: व्यवस्थापन नोंदणीकृत संस्थेकडे असते, मंजूर पदांचे वेतन शासन देते. कोणत्या शाळेत किती पदे असावीत हे विद्यार्थीसंख्येवरून दरवर्षी होणाऱ्या 'संचमान्यते'त ठरते. वेतनाची देयके 'शालार्थ' या संगणकीय प्रणालीतून वेतन पथकाकडे जातात. ग्रामीण महाराष्ट्रातील बहुसंख्य माध्यमिक शिक्षण याच शाळांवर उभे राहिले.

अंशतः अनुदानित शाळा: मान्यता विनाअनुदान तत्त्वावर मिळालेली असते, पुढे मूल्यांकनात पात्र ठरल्यावर वेतनाचा २०, ४० किंवा ६० टक्के, अशा टप्प्यांनी वाढणारा वाटा शासन उचलते.

विनाअनुदानित शाळा: वेतनासाठी शासनाकडून काहीही मिळत नाही, खर्च शुल्कातून किंवा देणग्यांतून भागवला जातो.

स्वयंअर्थसहाय्यित शाळा: २०१२ च्या स्वतंत्र अधिनियमाखाली परवानगी मिळालेल्या असतात, त्यांना शासनाकडे अनुदान मागता येत नाही.

अनुदानित आणि विनाअनुदानित या दोन्ही प्रकारच्या शाळांतील कर्मचाऱ्यांना 'महाराष्ट्र खासगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) विनियमन अधिनियम, १९७७' लागू आहे. त्यामुळे विनाअनुदानित शाळेतील शिक्षकही नियमाप्रमाणे वेतनश्रेणीस पात्र असतो. व्यवहारात मात्र अशा असंख्य शिक्षकांना तुटपुंज्या मानधनावर किंवा मानधनाविना काम करावे लागले आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

भारतात खासगी शाळांना अनुदान देण्याचे धोरण १८५४ च्या वुडच्या खलित्यापासून सुरू झाले. सर्व शाळा सरकारने चालवण्याऐवजी खासगी प्रयत्नांना अटींसह मदत द्यावी, असे त्याचे सूत्र होते. मुंबई इलाख्यात पुढे बराच काळ परीक्षेच्या निकालावर अनुदानाची रक्कम अवलंबून असे.

१८८२ मध्ये हंटर आयोगापुढे महात्मा जोतीराव फुले यांनी सादर केलेले निवेदन हा या वादातील पहिला महत्त्वाचा दस्तऐवज मानला जातो. सरकारी महसुलाचा मोठा भाग शेतकरी आणि कष्टकरी देतात, पण शिक्षणावरील खर्चाचा लाभ वरिष्ठ वर्गांना मिळतो, असा आक्षेप त्यांनी नोंदवला. उच्च शिक्षणाकडून खाली झिरपणाऱ्या ज्ञानावर विसंबण्याऐवजी प्राथमिक शिक्षण वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे करावे, अशी त्यांची मागणी होती. कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले.

माध्यमिक शिक्षणाचा विस्तार प्रामुख्याने खासगी संस्थांनी केला. पुण्यात १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल सुरू झाले. १९१९ मध्ये कर्मवीर भाऊराव पाटील यांनी कराड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. लोकवर्गणी, विद्यार्थ्यांचे श्रम आणि शासकीय अनुदान या तिन्हींच्या आधारावर ही संस्था वाढली. १९४८ मध्ये बाळ गंगाधर खेर यांच्या मंत्रिमंडळाच्या काळात संस्थेचे अनुदान थांबवण्यात आले. संत गाडगे महाराजांसह अनेकांनी त्यासाठी रदबदली केल्यानंतर ते पूर्ववत झाले. शासनावर टीका करणाऱ्या संस्थेच्या अनुदानाचे काय, हा प्रश्न या प्रसंगाने पुढे आणला.

संयुक्त महाराष्ट्राच्या निर्मितीच्या सुमारास मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांच्या शासनाने आर्थिकदृष्ट्या मागास कुटुंबांतील विद्यार्थ्यांना शुल्कमाफी दिली. 'ई.बी.सी. सवलत' या नावाने ती घरोघरी परिचित झाली. विद्यार्थ्याचे शुल्क शासनाने भरायचे आणि शाळा खासगी संस्थेने चालवायची, ही रचना तेव्हापासून रूढ झाली.

घटनात्मक आणि कायदेशीर चौकट

भारतीय राज्यघटनेत खासगी शाळांना अनुदान देण्याची सक्ती नाही. मात्र अनुदान दिल्यास काही बंधने येतात. अनुच्छेद २८ नुसार राज्याकडून अनुदान घेणाऱ्या शाळेत कोणाही विद्यार्थ्याला धार्मिक शिक्षणाची सक्ती करता येत नाही. अनुच्छेद २९(२) नुसार अशा शाळेत केवळ धर्म, वंश, जात किंवा भाषा यांवरून प्रवेश नाकारता येत नाही. अनुच्छेद ३०(२) नुसार संस्था अल्पसंख्याकांची आहे या कारणावरून अनुदानात भेदभाव करता येत नाही.

२००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद २१अ समाविष्ट झाले आणि सहा ते चौदा वर्षे वयाच्या बालकांचे शिक्षण हा मूलभूत हक्क बनला. सप्टेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उत्तर प्रदेशातील एका प्रकरणात, अनुदान मिळणे हा संस्थेचा मूलभूत हक्क नाही आणि अनुदानाचे धोरण ठरवण्याचा अधिकार शासनाचा आहे, असा निर्वाळा दिला. त्यामुळे शिक्षणाचा हक्क बालकाचा आहे, अनुदानाचा हक्क संस्थेचा नाही, असा भेद कायद्यात स्पष्ट झाला.

'कायम विनाअनुदानित' धोरण आणि शिक्षकांची आंदोलने

१९८३ मध्ये वसंतदादा पाटील यांच्या शासनाने खासगी संस्थांना विनाअनुदान तत्त्वावर अभियांत्रिकी व इतर व्यावसायिक महाविद्यालये काढण्यास परवानगी दिली. शालेय शिक्षणातही पुढे याच तत्त्वाचा अवलंब वाढला. वेतनखर्चाचा भार वाढू लागल्यावर नव्या शाळांना परवानगी देताना 'कायम विनाअनुदानित' अशी अट घातली जाऊ लागली, म्हणजेच संस्थेने भविष्यातही अनुदान मागू नये.

अशा शाळांपैकी इंग्रजी माध्यमाच्या शाळा शुल्कावर चालू शकल्या. ग्रामीण भागातील मराठी माध्यमाच्या शाळांना ते शक्य नव्हते. तेथील पालक शुल्क देऊ शकत नव्हते आणि शासन वेतन देत नव्हते. परिणामी शिक्षक अनेक वर्षे वेतनाविना राहिले. अनुदान मिळेल या आशेने नोकरी धरून ठेवायची आणि उदरनिर्वाहासाठी शेतमजुरी, शिकवण्या किंवा अन्य कामे करायची, अशी त्यांची स्थिती होती.

आंदोलनांनंतर जुलै २००९ मध्ये शासनाने मराठीसह इंग्रजीतर माध्यमांच्या शाळांच्या मान्यतेतील 'कायम' हा शब्द वगळला. नोव्हेंबर २०११ मध्ये मूल्यांकनाचे निकष जाहीर झाले. सप्टेंबर २०१६ मध्ये पात्र शाळांना २० टक्के अनुदान देण्याचा निर्णय झाला. दरवर्षी एक टप्पा वाढवून ते शंभर टक्क्यांपर्यंत न्यावे, ही शिक्षक संघटनांची मागणी होती. ती मान्य न झाल्याने प्रत्येक टप्प्यासाठी नवे आंदोलन आणि नवा शासन निर्णय, असा क्रम सुरू झाला. डिसेंबर २०२२ मध्ये मंत्रिमंडळाने वाढीव टप्प्यासाठी १,१६० कोटी रुपयांच्या तरतुदीस मान्यता दिली. पुढील टप्प्याचा निधी मिळावा म्हणून जुलै २०२५ मध्ये मुंबईच्या आझाद मैदानावर शिक्षकांनी पुन्हा आंदोलन केले.

निवृत्तिवेतनाचा प्रश्नही यातूनच उद्भवला. १ नोव्हेंबर २००५ पूर्वी नियुक्त झालेल्या, परंतु त्या दिवसापर्यंत शाळेला शंभर टक्के अनुदान न मिळालेल्या शिक्षकांना जुनी निवृत्तिवेतन योजना नाकारण्यात आली. शाळेच्या अनुदानाच्या तारखेवर शिक्षकाचे म्हातारपण अवलंबून राहिले, अशी टीका त्यावर झाली.

अनुदानाच्या गैरवापराची प्रकरणेही घडली. विद्यार्थीसंख्येवर पदे मंजूर होत असल्याने पटावर खोटी नावे दाखवण्याचे प्रकार होत. ते शोधण्यासाठी ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या काळात राज्यभर एकाच वेळी पटपडताळणी करण्यात आली. २०२५ मध्ये नागपूर विभागात बनावट शालार्थ ओळख क्रमांकांद्वारे वेतन काढल्याचे प्रकरण उघडकीस आले. शिक्षकभरतीत संस्थाचालक पैसे घेतात, या तक्रारींच्या पार्श्वभूमीवर शासनाने २०१७ मध्ये 'पवित्र' ही संगणकीय भरतीप्रणाली आणली. पगार शासनाचा असेल तर निवड कोणाची, हा संस्थाचालक आणि शासन यांच्यातील वाद त्यानंतर अधिक तीव्र झाला.

पंचवीस टक्के प्रवेश आणि शुल्कप्रतिपूर्ती

'बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९' हा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. कलम १२(१)(ग) नुसार खासगी विनाअनुदानित शाळांनी प्रवेशाच्या पहिल्या वर्गातील किमान २५ टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांतील बालकांना द्याव्यात आणि त्यांना आठवीपर्यंत मोफत शिकवावे, असे बंधन आहे. शासनाचा प्रतिविद्यार्थी खर्च किंवा शाळेचे प्रत्यक्ष शुल्क यांपैकी जी रक्कम कमी असेल ती शासन शाळेला देते. १२ एप्रिल २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद वैध ठरवली. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना मात्र ६ मे २०१४ च्या प्रमती निकालाने या कायद्यातून वगळले. १ सप्टेंबर २०२५ रोजी महाराष्ट्रातील एका प्रकरणाच्या निमित्ताने सर्वोच्च न्यायालयाच्या द्विसदस्यीय पीठाने प्रमती निकालाबाबत शंका व्यक्त करून तो प्रश्न मोठ्या पीठाकडे पाठवण्यासाठी सरन्यायाधीशांपुढे ठेवला.

महाराष्ट्रात आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा एक लाख रुपये आहे. अर्ज ऑनलाइन घेतले जातात आणि सोडत काढली जाते. राज्यात दरवर्षी सुमारे नऊ हजार शाळांतील एक लाखाच्या आसपास जागांसाठी त्याच्या कितीतरी पट अर्ज येतात.

प्रतिपूर्तीचा दर प्रतिविद्यार्थी वार्षिक १७,६७० रुपये ठरवण्यात आला होता. करोनाकाळात शाळा बंद असल्याच्या कारणावरून २०२०-२१ साठी तो ८,००० रुपयांवर आणण्यात आला. प्रतिपूर्तीची रक्कम वर्षानुवर्षे थकते, अशी संस्थाचालकांच्या संघटनांची तक्रार आहे. थकबाकीचे कारण देऊन प्रवेश नाकारण्याचे इशारेही त्यांनी वेळोवेळी दिले. पालकांच्या तक्रारी वेगळ्या आहेत: शुल्क माफ असले तरी गणवेश, बस आणि उपक्रमांच्या नावाखाली पैसे मागितले जातात. शिवाय मोफत शिक्षणाची हमी आठवीला संपते. नववीत पूर्ण शुल्क भरायचे की शाळा बदलायची, हा निर्णय दहावी तोंडावर आली असताना या कुटुंबांना घ्यावा लागतो.

२०२४ चा नियमबदल

९ फेब्रुवारी २०२४ रोजी राज्य शासनाने अधिसूचना काढून नियमांत दुरुस्ती केली. ज्या खासगी विनाअनुदानित शाळेपासून एक किलोमीटरच्या परिघात शासकीय किंवा अनुदानित शाळा आहे, ती शाळा २५ टक्के प्रवेशांच्या बंधनातून वगळण्यात आली. जवळ सार्वजनिक खर्चाने चालणारी शाळा असताना खासगी शाळेला प्रतिपूर्ती देणे हा दुहेरी खर्च आहे आणि त्यामुळे शासकीय शाळांचा पट घटतो, असे या बदलाचे समर्थन करण्यात आले.

दुरुस्तीनंतर प्रवेशप्रक्रियेत शासकीय व अनुदानित शाळाच मोठ्या संख्येने दाखल झाल्या. उपलब्ध जागा आठ लाखांच्या पुढे गेल्या, पण अर्ज एक लाखापर्यंतही पोहोचले नाहीत. जेथे प्रवेश एरवीही मोफत मिळतो तेथे सोडतीसाठी अर्ज करण्याचे पालकांना कारण उरले नव्हते.

पालक आणि सामाजिक संघटनांनी या बदलाला मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले. ६ मे २०२४ रोजी न्यायालयाने अंतरिम स्थगिती दिली. त्यानंतर नव्याने मागवलेल्या अर्जांची संख्या दोन लाखांवर गेली. १९ जुलै २०२४ रोजी मुख्य न्यायमूर्ती देवेंद्र कुमार उपाध्याय आणि न्यायमूर्ती अमित बोरकर यांच्या खंडपीठाने ही दुरुस्ती रद्द केली. खासगी शाळांवरील बंधन मूळ कायद्याने घातलेले आहे; नियमांद्वारे ते काढून घेता येत नाही आणि तसे करणे अनुच्छेद २१अ शी विसंगत आहे, असे न्यायालयाने ठरवले. मधल्या काळात शाळांनी दिलेले प्रवेश कायम ठेवून २५ टक्के जागा भरण्यासही सांगण्यात आले. ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या निकालाविरुद्धची याचिका फेटाळली.

नवी मुंबई आणि वाशी

नियोजित शहर म्हणून वसवलेल्या नवी मुंबईत सार्वजनिक साहाय्याचे आणखी एक रूप दिसते. १९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडकोने शहराची आखणी करताना शाळांसाठी भूखंड राखून ठेवले आणि शिक्षणसंस्थांना ते सवलतीच्या दरात दिले. वाशी हा या शहरातील सर्वांत आधी विकसित झालेल्या विभागांपैकी एक आहे. रयत शिक्षण संस्थेसारख्या जुन्या संस्था, ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या शाळा आणि नंतरच्या काळातील महागड्या इंग्रजी शाळा येथे जवळजवळ आढळतात. राज्य मंडळाच्या मुंबई विभागीय मंडळाचे कार्यालयही वाशीतच आहे. १ जानेवारी १९९२ रोजी नवी मुंबई महानगरपालिका अस्तित्वात आली. प्राथमिक शिक्षणाची जबाबदारी पुढे तिच्याकडे आली.

सवलतीच्या जमिनीचा मुद्दा कायद्याच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १२(२) मधील परंतुकानुसार, जमीन, इमारत किंवा अन्य सुविधा मोफत अथवा सवलतीत मिळाल्यामुळे एखाद्या शाळेवर ठरावीक मुलांना मोफत शिकवण्याचे बंधन आधीच असेल, तर तेवढ्या मुलांसाठी तिला प्रतिपूर्ती मागता येत नाही. त्यामुळे भूखंडाच्या करारात नेमक्या कोणत्या अटी होत्या, हा प्रश्न नियोजित शहरांत विशेष महत्त्वाचा ठरतो. अशा शाळा कागदोपत्री 'विनाअनुदानित' असल्या तरी सार्वजनिक मदतीपासून पूर्णपणे अलिप्त म्हणता येत नाहीत, असा युक्तिवाद केला जातो.

एक किलोमीटरच्या नियमाचा परिणामही अशा दाट वस्तीत अधिक जाणवण्यासारखा होता. जेथे महापालिकेची शाळा, अनुदानित शाळा आणि महागडी खासगी शाळा पायी अंतरावर असतात, तेथे त्या नियमाने बहुतेक खासगी शाळा आपोआप वगळल्या गेल्या असत्या. वाशीच्या घाऊक बाजारपेठेवर अवलंबून असलेली माथाडी, हमाल आणि फेरीवाल्यांची कुटुंबे याच परिसरात किंवा लगतच्या तुर्भे व कोपरखैरणे भागांत राहतात. खासगी शाळा त्यांच्या घराजवळच असते. अडसर अंतराचा नसून शुल्काचा असतो.

वादातील प्रमुख भूमिका

अनुदानाच्या समर्थकांच्या मते, शासनाने स्वतः शाळा न काढता खासगी संस्थांवर माध्यमिक शिक्षण सोपवले; म्हणून त्या शाळांतील शिक्षकांच्या वेतनाची जबाबदारी शासनाची आहे. २५ टक्के प्रवेशांचे समर्थक त्यात समतेचा मुद्दा जोडतात: वेगवेगळ्या थरांतील मुले एकाच वर्गात बसणे हे दोन्ही बाजूंच्या मुलांच्या हिताचे आहे.

विरोधकांत दोन अगदी भिन्न प्रवाह आहेत. एका प्रवाहाच्या मते खासगी शाळांना दिलेला प्रत्येक रुपया शासकीय शाळांपासून काढून घेतलेला असतो आणि प्रतिपूर्तीमुळे खासगीकरणाला प्रतिष्ठा मिळते. त्यांचा आग्रह समान व शेजारशाळेवर आधारलेल्या सार्वजनिक व्यवस्थेचा आहे. कंपन्यांनाही शाळा काढता याव्यात यासाठी २०१७ मध्ये स्वयंअर्थसहाय्यित शाळांच्या कायद्यात झालेली दुरुस्ती, तसेच सप्टेंबर २०२३ मधील 'दत्तक शाळा' योजना यांवर या गटाने टीका केली. दुसरा प्रवाह खासगी संस्थाचालकांचा आहे. शासनाने आपली जबाबदारी खासगी शाळांवर लादली आणि तिचा पूर्ण मोबदलाही दिला नाही, त्यामुळे उरलेला भार शुल्क भरणाऱ्या पालकांवर पडतो, असे त्यांचे म्हणणे आहे.

अनुदान थांबले, लांबले किंवा कमी झाले तर संस्था बहुधा तगून राहते. तोटा बिनपगारी शिक्षकाला आणि प्रवेश हुकलेल्या मुलाला होतो, याकडे शिक्षक संघटना आणि पालक संघटना लक्ष वेधतात.

इतरत्र

गोव्यात हा वाद माध्यमभाषेशी जोडला गेला. १९९० मध्ये शिक्षणमंत्री शशिकला काकोडकर यांच्या काळात प्राथमिक स्तरावरील अनुदान कोंकणी व मराठी माध्यमांपुरते मर्यादित करण्यात आले. २०११ मध्ये दिगंबर कामत यांच्या शासनाने इंग्रजी माध्यमालाही ते देण्याचा निर्णय घेतला. त्याविरुद्ध भारतीय भाषा सुरक्षा मंचाने आंदोलन केले. मनोहर पर्रीकर यांच्या शासनाने अल्पसंख्याक संस्थांच्या इंग्रजी शाळांचे अनुदान चालू ठेवल्याने मंच आणि भारतीय जनता पक्ष यांच्यात दुरावा निर्माण झाला. केरळमध्ये अनुदानित शाळांच्या व्यवस्थापनावर नियंत्रण आणणाऱ्या १९५७ च्या शिक्षण विधेयकावरून झालेला संघर्ष १९५९ मध्ये राज्य शासन बरखास्त होण्याच्या कारणांपैकी एक ठरला. कर्नाटकानेही महाराष्ट्राआधी २५ टक्के प्रवेशांवर शेजारच्या शाळांच्या उपलब्धतेची अट घातली होती.

नेदरलँड्समध्ये १९१७ पासून धार्मिक व अन्य खासगी शाळांना सरकारी शाळांच्या बरोबरीने निधी देण्याची घटनात्मक तरतूद आहे. चिलीने १९८१ पासून विद्यार्थ्यामागे निधी देणारी व्हाउचर पद्धत स्वीकारली. पुढे विषमतेविरुद्ध विद्यार्थ्यांची मोठी आंदोलने झाली आणि २०१५ च्या कायद्याने निधी घेणाऱ्या शाळांच्या नफ्यावर बंधने आली.

हे सुद्धा पहा

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९
हंटर आयोग (१८८२)
रयत शिक्षण संस्था
नवी मुंबई महानगरपालिका
वाशी